जुनी बॅटरी परत घेताना

सांगोल्यात माझं बॅटरीचं दुकान आहे. ट्रॅक्टर, जीप, इन्व्हर्टर, सगळ्याच्या बॅटऱ्या ठेवतो. नवी विकायला पटकन शिकलो, जुनी नीट परत घ्यायला शिकण्यात मात्र बरीच वर्षं गेली.

१. जुनीचा भाव बिल करतानाच सांगायचा. "जुनी देताय ना काका? मग एवढे वजा," असं म्हटलं की माणूस गोठ्यात पडलेली बॅटरी घेऊन येतो. "नंतर आणून द्या" म्हटलं की ती येत नाही.

२. ॲसिड ओतू द्यायचं नाही. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी भरलेली असली की ५० किलोंच्या वर जाते. उचलायला हलकी व्हावी म्हणून दुकानातल्या पोराने एकदा ती मागच्या बोळात उपडी केली. शहाबादी फरशी फसफसली. तिथला पांढुरका डाग अजून आहे. खायचा सोडा टाकून ॲसिड मारलं. पण त्या ॲसिडबरोबर शिसंही वाहतं, आणि मातीत मुरलेलं शिसं सोड्याने निघत नाही. पोराला आधी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं.

३. किलोमागे जादा भाव देणाऱ्याला विचारायचं, माल जातो कुठे? मी विचारलं नाही. माझा माल जायचा ती भट्टी वर्षभराने पाहिली. ओढ्याकाठी कुऱ्हाडीने फोडलेली खोकी, धूर, आणि दहा पावलांवर खेळणारी लहान मुलं. शिसं मुलांच्या मेंदूवर जातं, झालेलं नुकसान भरून येत नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही. जुनी परत घेऊन नोंदणी असलेल्या कारखान्याकडेच धाडावी, हा नियम २००१ पासूनचा. २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली. भट्टी पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझा माल डीलरमार्फत कारखान्याकडेच जातो. किलोमागे कमी मिळतात. मिळू देत.

४. नवा माल आणणारा टेम्पो रिकामा परत पाठवायचा नाही, त्यातच जुन्या भरायच्या. वेगळं भाडं लागलं की हिशेब बसत नाही. बॅटऱ्या उभ्याच, टर्मिनलला टेप, दोन थरांत पुठ्ठा.

५. जुनी परत का घेतो, ते गिऱ्हाइकाला सांगायचं. शिसं कितीदाही वितळवा, त्याचा गुण उतरत नाही. खोक्याचं प्लॅस्टिकही पुन्हा कामी येतं. लोकांना हे पटतं. परवा वाडीवरच्या एका आजींनी नातवाबरोबर जुनी बॅटरी पाठवली. दोन्ही टर्मिनलांना लुगड्याच्या चिंध्या घट्ट बांधलेल्या होत्या.