बॅटरीच्या बंद पेटीविषयी

वॉरंटीची मुदत संपली होती हे मला पूर्णपणे ठाऊक होते आणि फुकट काही पदरात पाडून घ्यावे असा माझा हेतू कधीही नव्हता. हे आरंभीच नमूद करणे प्राप्त आहे, कारण सर्व्हिस सेंटरच्या दप्तरी माझी नोंद हुज्जत घालणारा ग्राहक अशीच झालेली आहे. 2014 साली घेतलेली माझी विजेची छोटी गाडी एका चार्जवर नागपूरहून रामटेकला जाऊन घरी परतत असे. तीच गाडी अलीकडे, पडद्यावर चाळीस टक्के चार्ज दिसत असतानाही, कन्हानचा पूल ओलांडते न ओलांडते तोच मान टाकू लागली.

सर्व्हिस सेंटरमधील तरुण तंत्रज्ञाने लॅपटॉप जोडला आणि मला जवळ बोलावून आकड्यांची रांग दाखविली. गाडीवर भार पडताच बाकी सर्व सेलचे व्होल्टेज एकमेकांच्या जवळपास राहत होते. एकाच गटाचे मात्र झपाट्याने खाली घसरत होते. सेल मालिकेत जोडलेले असल्यामुळे त्यांतील सर्वांत दुबळा सेल संपला की नियंत्रक साऱ्या पॅकचाच प्रवाह तोडतो, ही गोष्ट त्या मुलाने दोन वाक्यांत समजावून दिली. म्हणजे एक मॉड्यूल बदलले की काम भागणार, असे मी म्हणतो आहे तोच व्यवस्थापक महाशय आले, त्यांनी लॅपटॉपचे झाकण मिटले आणि ही माहिती ग्राहकाला दाखविण्याची नाही असे फर्मावले. व्याधी कोठे आहे हे त्यांना माझ्याआधीच माहीत होते, हे मला त्या क्षणी कळून चुकले.

मॉड्यूल सुटे मिळत नाही, पूर्ण पॅकच घ्यावा लागेल. जुना पॅक त्यांच्याकडे जमा करावा लागेल आणि त्याबद्दल एक रुपयाही वजा होणार नाही, असे अंदाजपत्रक हाती आले. गाडीबरोबर आलेल्या बॅटरीवर गाडीचाच 5 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सुट्या बॅटरीवर तो 18 टक्के होतो. एकूण रक्कम गाडीला बाजारात येणाऱ्या किमतीहून अधिक होती. तीही मी भरावयास तयार झालो, तर पॅक केव्हा येईल याची तारीख लिहून देण्यास नकार! वर, “काका, आता नवीनच गाडी घेऊन टाका ना,” हा उपदेश. ज्या वस्तूवर इतकी वर्षे इमानेइतबारे विश्वास ठेवला, तिच्याविषयी तिच्याच विक्रेत्याने असे बोलावे, याचा संताप अद्याप ओसरलेला नाही.

ज्यांची गाडी सहा-सात वर्षांची झाली असेल त्यांना माझे सांगणे आहे की, वॉरंटी शिल्लक असतानाच बॅटरीच्या क्षमतेचा दाखला, प्रत्येक सेलच्या व्होल्टेजसह, सहीशिक्क्यानिशी मागून घ्यावा. पडद्यावरची टक्केवारी हा पुरावा नव्हे. वॉरंटीपत्रात वर्षे आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल ते धरलेले असते, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर दावा मान्य होतो तो आकडा बारीक अक्षरांत असतो, तो शोधावा. त्याच रस्त्यावरची, त्याच ऋतूतली रेंज वहीत टिपून ठेवावी. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत पूर्ण चार्ज केलेली गाडी उन्हात उभी ठेवू नये, कारण उष्णता आणि भरलेला सेल मिळून बॅटरीचे आयुष्य खातात. पेटी स्वतः उघडण्याचे साहस करू नये. पावत्या जपाव्यात, घाई करू नये, हे तर आहेच. नवी गाडी घेणाऱ्याने मॉड्यूल सुटे मिळते काय, एवढा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर लेखी आल्याखेरीज आगाऊ रक्कम देऊ नये.

जुना पॅक निरुपयोगी म्हणून कोणी हिणवीत असेल, तर बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 यांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातू परत मिळविण्याची जबाबदारी उत्पादकांवरच टाकली आहे, हे त्याच्या निदर्शनास आणावे. त्या धातूंना मोल आहे.

मी माझी कैफियत जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडली आहे. 2019 च्या कायद्यानुसार कंपनीचे मुख्यालय कोठेही असो, ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची असते, आणि ती तक्रारीचे कारण घडले त्या दिवसापासून मोजली जाते.