जड स्वारासाठी हलके पण भक्कम चाक

प्रश्न : १०० किलोंहून अधिक वजनाच्या स्वाराच्या रोड बाइकच्या मागच्या चाकाचे स्पोक वारंवार तुटत असतील, तर हलके तरीही टिकाऊ चाक कसे निवडावे?

उत्तर : स्पोक सहसा एखाद्या धक्क्याने तुटत नाही, प्रत्येक फेऱ्यात जमिनीलगतच्या स्पोकचा ताण क्षणभर कमी होऊन पुन्हा वाढतो आणि या आवर्तनांनी थकलेला धातू बहुधा हबजवळच्या वाकणाशी तुटतो. मागच्या चाकात गिअरच्या चकत्यांसाठी हबची उजवी कडा आत घेतलेली असल्याने डावे स्पोक मुळातच कमी ताणाचे राहतात, शिवाय वजनाचा मोठा वाटाही याच चाकावर येतो. म्हणून येथे ३२ स्पोक घ्यावेत, पुढे २८ पुरेत. चार जादा स्पोकांचे वजन जेमतेम २५-३० ग्रॅम भरते, आणि तेवढ्यासाठी टिकाऊपणा गमावणे निश्चितच अयोग्य होय. टोकांशी २ व मध्ये १.८ मिलिमीटर जाडीचे, ‘बटेड’ म्हणून ओळखले जाणारे स्पोक हलके असूनही अधिक टिकतात, कारण त्यांचा बारीक मधला भाग किंचित ताणला जाऊन वाकणावरील आघात सौम्य करतो. रिम खोल व ताठ असावी. फ्रेममध्ये जागा असल्यास २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर बसवावेत. निर्मात्याने दिलेली भारमर्यादा पाहताना ती केवळ स्वाराची आहे की सायकल व सामानासह, हे तपासावे. मात्र स्पोकांचा ताण पुरेसा व एकसारखा नसेल तर महागडे चाकही लवकर बिघडते, म्हणून सुरुवातीच्या काहीशे किलोमीटरनंतर कुशल कारागिराकडून तो पुन्हा तपासून घ्यावा.