मनातले सांगावे कोणाला?

पायाला जखम झाली, तर आपण ती लगेच दाखवतो. मनाला झालेली जखम मात्र लपवतो. ‘लोक काय म्हणतील?’ ही भीती आपल्याला गप्प बसवते. परीक्षेतील अपयश, घरातील कलह किंवा वर्गातील छळ यांमुळे खचलेला विद्यार्थी त्यामुळे अधिकच एकाकी होतो. अशा वेळी शाळेतील समुपदेशक त्याचा आधार होऊ शकतात.

समुपदेशक उपदेश करीत नाहीत. ते शांतपणे ऐकतात, प्रश्न विचारतात आणि विद्यार्थ्याला स्वतःची वाट शोधण्यास साहाय्य करतात. ऐकलेली गोष्ट ते वर्गात किंवा शिक्षकांच्या खोलीत बोलून दाखवीत नाहीत. ही गोपनीयता हाच समुपदेशनाचा पाया होय.

तथापि, गोपनीयतेला मर्यादा असते. विद्यार्थ्याच्या जिवाला धोका असेल, तर योग्य व्यक्तींना सांगावेच लागते. बालकाचे लैंगिक शोषण झाल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हा विश्वासघात नसून संरक्षण आहे. म्हणूनच चांगले समुपदेशक ही मर्यादा पहिल्याच भेटीत स्पष्ट करतात.

मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला रोजची शाळा नसते. त्याला ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेशी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली.

मदत मागणे हा दुबळेपणा नव्हे; तो सावरण्याचा आरंभ आहे.

विचार करा : गोपनीयतेची मर्यादा आधीच सांगितल्याने विश्वास वाढतो की घटतो? तुमचे मत चार-पाच वाक्यांत लिहा.