'काबाश' : एका क्रियापदाचा अभ्यास

उत्पत्ती १:२८ मध्ये पृथ्वीविषयी मानवाला जी आज्ञा झाली, तिच्यातील इब्री क्रियापद 'काबाश' हे आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने तेथे 'सब्ड्यू' हा शब्द योजला. आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात 'सत्तेखाली' आणण्याची भाषा आहे. हे क्रियापद सौम्य नाही, आणि ते सौम्य करून दाखवण्याचा मोह टाळलेला बरा. पायाखाली दाबणे हा त्याचा मूळ भाव. त्याच धातूपासून झालेला 'केबेश' म्हणजे शलमोनाच्या सिंहासनाचे पादासन (२ इतिहास ९:१८).

इंग्रजी शब्दाचे रूप एका लॅटिन क्रियापदाचे, परंतु त्याला अर्थ चिकटला तो दुसऱ्याचा : 'खाली ठेवणे'. आज तो मंद प्रकाशास किंवा दबक्या आवाजास लावतात. पूर्वी मात्र राज्य जिंकणे, ताप उतरवणे आणि पडीक जमीन पिकाऊ करणे, या सर्वांस तो चाले. आपणही जमीन लागवडी'खाली' आणतो, नाही का?

हा शेवटचा अर्थ पाहावा तो कुंभकोणमजवळच्या आडुतुरै येथे. ज्या तंजावर प्रांतावर मराठी राजांनी राज्य केले, त्यातलेच हे गाव. कावेरीच्या पाण्यावर पिकणारे. येथे १९२२ पासून भाताचे संशोधन चालते. भातखाचरात पाणी भरून चिखलणी करतात. माती तुडवली जाते, तण गाडले जाते, पाणी झिरपणे कमी होते, आणि मग रोप लावतात. जमीन पायाखाली असते खरी. पण तुडवणाराही गुडघाभर चिखलात उभा असतो! उत्पत्ती २:१५ मधील 'मशागत' या अर्थाच्या इब्री शब्दाचा दुसरा अर्थ 'सेवा' असाच आहे.

तथापि त्या आज्ञेचे कर्म पृथ्वी आहे, मनुष्य नव्हे. यहूदी पुढाऱ्यांनी मुक्त केलेल्या दासांना पुन्हा दास केले, तेथेही 'काबाश' हेच क्रियापद येते, आणि त्याबद्दल देवाचा कोप भडकतो (यिर्मया ३४:११, १६). नहेम्या ५:५ मध्ये कर्जापायी दास्यात गेलेल्या मुलींसाठी तेच. कावेरीच्या याच खोऱ्यात, किळवेण्मणी येथे, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, मजुरीच्या तंट्यातून दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ जणांना झोपडीत जाळण्यात आले. तो ख्रिस्तजन्माचा दिवस होता. भात पिकवणाऱ्यांनाच मातीच्या जागी ठेवले गेले.

मीखा ७:१९ मध्ये मात्र या क्रियापदाचा कर्ता स्वतः देव आहे, आणि कर्म आहे आमचे अपराध. तेथे मशागतीची भाषा चालणार नाही. भाषांतरकाराने 'तुडवणे' असेच लिहावे.