मुंबई ते लंडन : विमान नक्की किती तास उडालं?



पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, माझा मामा डिसेंबरमध्ये दुपारी १ वाजता मुंबईहून निघाला आणि तिकडच्या ५ वाजता लंडनला पोहोचला. चार तासांत!" वजाबाकी बरोबर होती. मीही "शाब्बास" म्हणणारच होते.

मग म्हटलं, आधी अंतर काढू. पृथ्वीगोलावर विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळला. तो ६० सेंमी भरला, म्हणजे ४०,००० किमी. मुंबई ते लंडन ताणून धरलेला दोरा ११ सेंमी भरला.

४०,००० ÷ ६० × ११ = सुमारे ७,३०० किमी

(खरं हवाई अंतर साधारण ७,२०० किमी आहे.)

आता वेग : ७,२०० ÷ ४ = ताशी १,८०० किमी! प्रवासी विमान तर ताशी ८५०-९०० किमीनं उडतं. "बाई, काहीतरी चुकलंय," मुलंच ओरडली.

चूक घड्याळांची होती. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथले ५ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. प्रवास साडेनऊ तासांचा! सरासरी वेग ताशी सुमारे ७६० किमी, कारण चढताना-उतरताना वेग कमी असतो. उन्हाळ्यात हाच फरक साडेचार तास होतो, हेही सांगा.

लक्षात ठेवा : आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा, मग वजाबाकी करा आणि शेवटी वेग काढून उत्तर तपासा.

घरी सोडवायला : हिवाळ्यात लंडनहून सकाळी १० ला निघालेलं विमान ९ तास उडालं, तर मुंबईत किती वाजले असतील?