देशाचा शिक्का आणि हत्याराची पारख

रंधा, पटाशी, कानस, पाना, पक्कड ही विजेवाचून केवळ हाताच्या बळावर चालणारी हत्यारे विकत घेताना त्यांवरील देशाच्या नावावरूनच दर्जा ठरवण्याची प्रथा कारागिरांत आणि हौशी संग्राहकांत सारखीच रूढ आहे. जुने विलायती ते अस्सल आणि नवे चिनी वा देशी ते तकलादू, असा तिचा सारांश. या समजुतीपायी जुन्या बाजारात पदरमोड करून निकामी हत्यार घरी आणल्याचा अनुभव अनेकांना येतो, म्हणून तिची मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे.

ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. बेंजामिन हंट्समन याने १७४०च्या दशकात मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची पद्धत सिद्ध केली आणि तिच्या बळावर इंग्लंडमधील शेफील्डच्या पात्यांचा लौकिक वाढला. मात्र ज्या नावाला किंमत येते त्याची नक्कलही होते. जर्मनीतील झोलिंगेनचे काही उत्पादक आपल्या मालावर शेफील्डचे नाव घालतात अशी तक्रार झाली, आणि १८८७च्या ब्रिटिश कायद्याने दिशाभूल करणारी खूण असलेल्या परदेशी मालावर मूळ देश नोंदवणे बंधनकारक केले. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे अशा रीतीने ग्राहकाला सावध करण्यासाठी आली, पण काही दशकांतच ती उत्तम दर्जाची ग्वाही ठरली. पुढे १९३८ मध्ये झोलिंगेन या नावालाच जर्मन कायद्याचे संरक्षण मिळाले. जपानी मालाच्या वाट्यालाही दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथम स्वस्तपणाचा बट्टा आणि मग प्रतिष्ठा आली, जरी मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा थर जोडून पटाशी घडवण्याची मिकी येथील परंपरा त्याआधीपासून चालत आली होती. शिक्का देशाचा असला, तरी दर्जा विशिष्ट कारखान्याचा आणि विशिष्ट काळाचा असतो.

शिवाय हत्याराचा पुढचा इतिहास शिक्क्यातून कळत नाही. पोलाद लाल तापवून विझवणे, म्हणजे त्याला पाणी देणे, आणि नंतर सौम्य उष्णतेने त्याचा ठिसूळपणा घालवणे, या दोन क्रियांवर धार टिकणे अवलंबून असते. जुन्या मालकाने कोरड्या सहाणचाकावर पाते दाबून घासले असेल, तर धारेशी सुमारे ३०० अंश सेल्सियसला उमटणारी निळी झाक दिसते आणि तेवढा भाग मऊ पडलेला असतो. तो पाण्यात बुडवत बुडवत घासून काढावा लागतो, आणि पाते आखूड असेल तर हाती काहीच उरत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी धारेजवळच्या कडेवर कानस हलकेच फिरवावी. ती घसरली तर पोलाद कठीण आहे, रुतली तर मऊ आहे. रंध्याच्या तळावर सरळ पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावे आणि पाते बाहेर येण्याच्या फटीभोवती बिडाला तडा नाही ना, हे तपासावे. पकडीचे जबडे मिटल्यावर टोकाशी नीट जुळले पाहिजेत. जालंधर वा नाशिकला तयार झालेल्या नव्या मालालाही हीच कसोटी लावावी. देशाचे नाव शेवटी वाचावे. आधी पाते पाहावे.