खेळाडू मुलांचे नियम आणि मोठ्यांची जबाबदारी

(पालक सभा, युवक संघ आणि मंडळीतील गटचर्चेसाठी अभ्यासपाठ)

वाचन : १ करिंथकरांस ९:२४–२७, २ तीमथ्य २:५



पावसाळ्याचा जोर ओसरू लागला की शाळांच्या मैदानांवर चुन्याच्या रेघा दिसू लागतात. उंद्री परिसरातील मुले आधी चिखली तालुक्याच्या शालेय स्पर्धांत उतरतात. तेथे निवड झाली तर बुलढाणा जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा, अशी ही पायऱ्यांची वाट आहे. गट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. आश्रमशाळांतील मुलांसाठी आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या स्पर्धा होतात. आपला जिल्हा अकोला प्रकल्प कार्यालयाकडे येतो, म्हणून जळगाव जामोद, संग्रामपूरकडील सातपुड्याच्या पायथ्याची मुले आधी प्रकल्पस्तरावर खेळतात.

या वाटेवर मुलांनी काय पाळावे आणि आपण त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हा या पाठाचा विषय आहे.

जुन्या मैदानावरची शपथ

वर दिलेल्या उताऱ्यांत पौल धावपटूचा दाखला देतो. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठ्या स्पर्धा भरत, त्यामुळे वाचणाऱ्यांना हा दाखला लगेच समजत असे. तीमथ्याच्या पत्रातील मुद्दा एवढाच आहे की नियमाने न खेळणाऱ्याला मुकुट मिळत नाही.

ऑलिंपियाच्या स्पर्धांविषयी पौसानियास या ग्रीक प्रवाशाने दुसऱ्या शतकात एक माहिती लिहून ठेवली आहे, ती या पाठासाठी फार उपयोगी आहे. स्पर्धेआधी खेळाडू शपथ घेत : आपण खेळात लबाडी करणार नाही आणि दहा महिने नियमाने सराव केला आहे. पण शपथ घेणारा खेळाडू एकटा नसे. त्याचे वडील, त्याचे भाऊ आणि त्याला शिकवणारे, सगळ्यांना शपथ घ्यावी लागे. मुलांच्या गटासाठी वय तपासणारे पंचही, लाच न घेता खरा निर्णय देऊ, अशी शपथ घेत. लबाडी करणाऱ्यांच्या दंडाच्या पैशांतून मूर्ती घडवून त्या मैदानाच्या वाटेवर उभ्या केल्या होत्या. मैदानात जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस त्या पडत.

त्या काळच्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. नियम मुलाच्या नावावर मोडला जातो, पण मोडणारा हात पुष्कळदा मोठ्या माणसाचा असतो. आजही तसेच आहे. म्हणून या पाठातील प्रत्येक नियम आपण दोनदा वाचायचा : एकदा मुलासाठी आणि एकदा स्वतःसाठी.

१. जन्मतारीख खरी असावी

शालेय स्पर्धेत वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मोजतात. त्यासाठी जन्माचा दाखला, शाळेच्या रजिस्टरमधील नोंद, आधार आणि मुख्याध्यापकांच्या सहीचे ओळखपत्र लागते. या सर्व कागदांवर नाव आणि तारीख एकच हवी. पाड्यावरच्या आणि कामासाठी फिरणाऱ्या कुटुंबांतील मुले नेमकी येथेच अडतात. जन्म घरी झालेला असतो, नोंद राहून जाते आणि शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने १ जून लिहितात. कित्येक घरांत सगळ्या भावंडांचा वाढदिवस १ जूनलाच येतो, तो यामुळे!

अंदाजाने लिहिलेली तारीख हा अडाणीपणाचा दोष म्हणता येईल. पण मूल चांगले पळते असे पाहून कोणी त्याचे वय मुद्दाम दोन वर्षांनी कमी करत असेल, तर ती चोरी आहे. सोळा वर्षांचा मुलगा चौदाच्या गटात पहिला येतो, तेव्हा खऱ्या तेरा वर्षांच्या एखाद्या मुलाची जिल्ह्याची जागा जाते. ते मूलही बहुधा आपल्यासारख्याच घरातले असते.

फसवलेल्या मुलाचेही भले होत नाही. लहानांना हरवण्याची सवय लागलेला मुलगा बरोबरीच्या गटात गेला की मागे पडतो आणि खेळ सोडतो. पुढे जात पडताळणी, शिष्यवृत्ती, पोलीस भरती अशा प्रत्येक ठिकाणी तारखांचा मेळ लागत नाही. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याआधी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. खोट्या पायावर उभे केलेले घर तेथे कोसळते, आणि तोवर मूल पंचविशीत आलेले असते.

करण्यासारखे काम : जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. राहून गेली असेल तर उशिरा नोंदीची रीत कायद्यात आहे. कागद जमवायला, तहसीलच्या चकरा मारायला आईबापांची मजुरी बुडते. मंडळीतील एखादा जाणता माणूस बरोबर गेला तरी ते मोठे साहाय्य होईल. शाळेच्या रजिस्टरमधील चूकही मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सुटल्यावर ते फार अवघड जाते.

२. खेळाडू आधी विद्यार्थी

शालेय स्पर्धेत शाळेचा नियमित विद्यार्थीच खेळू शकतो. खेळण्यापुरते नाव दुसऱ्या शाळेत घालणे, किंवा एकाच्या नावावर दुसऱ्याने उतरणे, ही फसवणूक आहे. शाळेचे नाव मोठे व्हावे म्हणून असे करणारे असतात. मुलाने 'नाही' म्हणावे अशी आपली अपेक्षा असेल, तर त्याच्या 'नाही'च्या मागे आपण उभे राहिले पाहिजे.

दहावी-बारावीच्या परीक्षेत ठरावीक पातळीपर्यंत पोचलेल्या खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शाळेने वेळेत प्रस्ताव पाठवला तरच ते मिळतात, म्हणून पालकांनी डिसेंबर-जानेवारीतच शाळेत विचारणा करावी. मात्र हे गुण आधाराला असतात, अभ्यासाच्या जागी नसतात. स्पर्धांमुळे बुडालेले धडे कोण भरून देणार, हे हंगाम सुरू होण्याआधी ठरवावे. वसतिगृहात संध्याकाळचा एक तास त्यासाठी राखता येतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. वरच्या पातळीवरच्या स्पर्धा अनेकदा दिवाळीच्या आगेमागे येतात आणि त्याच सुमारास काही कुटुंबे कामासाठी बाहेरगावी निघतात. निवड झालेले मूल भावंडे सांभाळायला बरोबर जाते आणि संधी हुकते. याला नियमभंग म्हणून मुलाला दोष देऊ नये. ते मूल वसतिगृहात किंवा नातलगांकडे राहू शकेल का, हे आईबापांशी ऑक्टोबरआधी बोलावे.

३. शरीर जपावे

स्पर्धेतला खेळाडू आपल्या शरीरात जे सापडेल त्याला स्वतः जबाबदार असतो, असा जगभरचा नियम आहे. आपल्या देशात २०२२ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा झाला. 'सरांनी दिले म्हणून घेतले' हे उत्तर पुरत नाही. वय लहान म्हणून शिक्षा सौम्य होऊ शकते, पण निकाल रद्द होतोच. म्हणून मुलांना तीन गोष्टी पाठ असाव्यात : नाव माहीत नसलेली पावडर खायची नाही, डॉक्टरांशिवाय इंजेक्शन घ्यायचे नाही, आजारी पडल्यास डॉक्टरांना 'मी खेळाडू आहे' असे आधी सांगायचे.

महागड्या डब्यांची आपल्या मुलांना गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी आणि पुरेशी झोप यांवर चांगला खेळाडू घडतो. पण हे रोज मिळायला हवे. स्पर्धेच्या आठवड्यात केळी वाटून वर्षभराची भूक भरत नाही. मुलींचे रक्त वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे. दम लागून मागे पडणारी मुलगी आळशी नसून तिचे रक्त कमी असू शकते. कुस्तीत वजनाच्या गटासाठी मुलाला उपाशी ठेवणे किंवा पाणी तोडणे कोणत्याही शिक्षकाने करू नये.

४. मैदानावर आणि मैदानाबाहेर

जागतिक नियमानुसार २०१० पासून धावण्याच्या शर्यतीत पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला खेळाडू बाद होतो. दुसरी संधी नाही. तिरंदाजीच्या वैयक्तिक सामन्यात एका बाणाला २० सेकंद मिळतात. आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. अशा पातळीवर ताकद सगळ्यांकडेच असते. त्या वीस सेकंदांत मन स्थिर ठेवायला जो शिकला, तो टिकतो. हे शिकणे तालुक्याच्या मैदानापासून, रोजच्या सरावात नियम पाळण्यापासून सुरू होते.

पंचांचा निर्णय मान्य करणे, हरल्यावर हात मिळवणे, हरलेल्याची टर न उडवणे आणि वेळेवर येणे या अपेक्षा ठेवायलाच हव्यात. पण शिस्त म्हणजे छडी नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई केली आहे. मैदानावरही तेच लागू आहे.

मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी स्त्री शिक्षिका असावी, मुक्कामाची जागा आधी पाहिलेली असावी आणि कोणत्याही प्रशिक्षकाने मुलाला एकट्याला खोलीवर बोलावू नये. अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या संरक्षणात येते. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवा. 'संघाचे नाव खराब होईल' म्हणून मुलाला गप्प बसवणे हा या यादीतला सर्वांत मोठा नियमभंग आहे.

५. माघारी फिरणे

चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या दहा आदिवासी विद्यार्थ्यांना राज्याच्या 'मिशन शौर्य' मोहिमेतून एव्हरेस्टवर पाठवले होते. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे हिच्यासह त्यांतील पाच जण शिखरावर पोचले. पाच जण शिखर न गाठता खाली आले. वृत्तपत्रांत शिखरावरच्या पाचांची छायाचित्रे आली, ते योग्यच होते. पण इतके दिवस तयारी करून, एवढ्या उंचीवर जाऊन माघारी फिरणे हेही गिर्यारोहणाचाच भाग आहे. त्या पाचांना अपयशी म्हणणारा माणूस डोंगर ओळखत नाही.

आपल्या वसतिगृहातील मूलही कधी जिल्ह्यावरून हात हलवत परतेल. घोटा मुरगळला म्हणून शर्यत सोडेल. त्या संध्याकाळी त्याच्याशी आपण कसे बोलतो, यावर ते पुढच्या वर्षी धावेल की नाही हे ठरते.

६. मदत करणाऱ्यांचा नियम

खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा क्रीडा दिन आहे.

ही गोष्ट आपण पदकासाठी सांगतो, पण प्राचार्यांनी पैसे दिले तेव्हा पदक नव्हते. आधी सहावा आलेला एक विद्यार्थी तेवढा होता. आपली मदतही अशीच असावी. बुटांच्या बदल्यात पदक मागू नये. गणवेश दिला म्हणून मुलाला उभे करून आभार मानायला लावू नये, त्याच्या गरिबीचे छायाचित्र त्याला आणि पालकांना न विचारता छापू नये. मूल पुढे शेती करील, नर्स होईल, दुकान टाकील. खेळ सुटला तरी दिलेले वाया गेले असे होत नाही. जे खरोखर पुढे जाऊ शकतील त्यांच्यासाठी अकोला, अमरावती येथे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. तेथील निवड चाचणीला लहान वयातच न्यावे लागते, याची माहिती पालकांपर्यंत पोचवणे हेही आपलेच काम.

ज्याच्या मागे ओळख नाही, पैसा नाही, कोणाची चिठ्ठी नाही, त्या मुलाला मैदानावर एकच आधार असतो, तो म्हणजे सगळ्यांसाठी सारखा असलेला नियम. तो आपण मोठ्यांनी मोडला तर त्याच्यापाशी काहीच उरत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील किती मुलांच्या दाखल्यांवर १ जून आहे? खरी तारीख कोणाला माहीत आहे?

२. ऑलिंपियात वडील आणि भावांना शपथ का घ्यावी लागत असेल? आज तशी शपथ घ्यायची झाली तर आपण तीत काय म्हणू?

३. हरून आलेल्या मुलाशी आपण शेवटचे काय बोललो होतो?

४. पुढच्या हंगामाआधी आपला गट एका मुलासाठी कोणते एक काम पुरे करील : दाखला, रक्ततपासणी, बुडालेला अभ्यास की प्रवासातली सोबत? नाव आणि तारीख लिहून ठेवा.